आबांचा निळसर थर

गेल्या श्रावणात एका मंगळवारी माझी बायको सुमन गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून शेजारचे आबा माझ्याशी भांडू लागले.

"आवं मास्तर, तुमच्या कढीपत्त्याची पानं आमच्या दारात कशी?"

वाऱ्याने, असं म्हणायला हवं होतं. पण मी बोलणंच सोडलं होतं. मी मुकाट्याने पानं उचलायचो. त्यावर आबा जास्तच चिडायचे. "काय तरी उलटं बोला की."

आबा लष्करातून निवृत्त झालेले मेकॅनिक. इस्लामपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर घेऊन आलेल्याला आधी चहा मिळतो, मग तेलावर व्याख्यान.

"तेलात औषध असतंय. गार, निवांत लोखंडावर ते नुसतं पडून ऱ्हातंय. पर लोखंड लोखंडावर दाबून घासलं, तापलं, की तिथंच त्याचा थर बसतोय. मग झिजतोय त्यो थर. लोखंड वाचतंय. थर झिजला की औषध नवा बसवतंय. समजलं? न्हाई. बसा, पुन्ना सांगतो."

बरेच जण दुसऱ्या फेरीआधी चावी ठेवून पळतात.

सुमनला हे व्याख्यान पाठ होतं. कुंपणापाशी ती रोज आबांशी भांडायची आणि हरायला आली की म्हणायची, "आबा, तुमच्या डोक्यातलं तेल बदला."

खंडेनवमीला आबा गॅरेजातली हत्यारं पूजतात. यंदा मी मदतीला गेलो. पाटावर ट्रॅक्टरच्या इंजिनाचा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा फिरता दांडा होता, त्यावर निळसर तपकिरी डाग. पूजेला असा कसा ठेवायचा, म्हणून मी पॉलिशपेपरने घासून तो लख्ख केला.

आबा हळदकुंकू घेऊन आले आणि थबकले.

"मास्तर, काय केलंसा ह्ये? डाग नव्हता त्यो. थर हुता. लय दिसांच्या घासाघाशीनं बसलेला."

"मग पूजेच्या पाटावर कशाला ठेवलात?" मी ओरडलो. "जगाला व्याख्यानं देता, मला कधी दिलंत? तेल बदला डोक्यातलं."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. आबांनी ताट खाली ठेवलं आणि बनियनच्या टोकाने डोळे पुसले.

"आता कसं," ते म्हणाले. "वैनी गेल्यापास्नं माज्याशी भांडाय कोन न्हाई, मास्तर."

कॅमशाफ्ट पुन्हा इंजिनात बसला आहे. कढीपत्त्याची पानं आबांच्या दारात पडतात. मी ती उचलत नाही.