व्हॉइड डेकवरचा मेलेला बाप

मुकुंदराव आठल्यांच्या छत्रीला नाव आहे. 'मेघभंजन.' कांदा कापायची सुरी 'अश्रुदा' आणि कुकर 'गर्जक'. इथे परदेशात, टॅम्पिनीसला, आमच्या खालच्याच मजल्यावर ते एकटे राहतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी आधी सुरीची ओळख करून दिली आणि मग स्वतःची.

मध्ययुगात आइसलँडमध्ये लिहिलेल्या वीरगाथा हे मुकुंदरावांचं वेड आहे. त्या गाथांतल्या प्रत्येक बऱ्या तलवारीला म्हणे नाव असतं. दिवसभर नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात एमआरआय मशीन सांभाळायचं आणि संध्याकाळी शापित तलवारी, राक्षस आणि रागाच्या भरात स्वतःचीच ढाल चावणारे योद्धे यांच्यात रमायचं. लिफ्टमध्ये नवीन मराठी माणूस दिसला की पहिला प्रश्न, "वडील कोण, आजोबा कोण?" समोरचा बिचकला की समजूत घालायची, "गाथा बापापासून सुरू होते हो."

माणसाने वेडं व्हायला माझी हरकत नाही, पण आपल्या घरात बसून व्हावं. हे रोज संध्याकाळी आमच्या घरात येऊन वेडे व्हायचे.

माझी मुलगी ईरा सात वर्षांची आहे. मी मराठीत विचारलं, "जेवलीस का?" तर इथल्या इंग्रजीत उत्तर यायचं, "लेटर ला, बाबा." आणि हीच पोरगी मुकुंदरावांना विचारायची, "मुकुंदकाका, मग त्या राक्षसाचं मुंडकं गडगडत कुठवर गेलं?" गडगडत! हा शब्द तिला मी शिकवलेला नव्हता. बायको कौतुकाने म्हणायची, "बघ, किती छान बोलते त्यांच्याशी." माझ्या पोटात दुखायला लागलं. साधं नाही, चांगलं कळ आल्यासारखं.

मीही गोष्टी सांगून पाहिल्या. माझ्या गोष्टीत एक हुशार कावळा होता. ईराने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कावळ्याच्या तलवारीचं नेम काय?" मी गोष्ट तिथेच आवरली.

पुढे दिवाळी आली. इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात मुलांनी मराठीत काहीतरी करायचं होतं. ईराने गाथेतला प्रसंग निवडला. एक मुलगी पुरुषाचा वेष करून भुताखेतांच्या बेटावर जाते आणि मेलेल्या बापाच्या थडग्यापुढे उभी राहून त्याची तलवार मागते. ती तलवार घराण्याचा नाश करणार हे बापाला ठाऊक असतं, म्हणून तो आतून नको नको म्हणत राहतो. पोरगी हटत नाही.

बापाचं काम कोण करणार, हा प्रश्न माझ्या मते उद्भवतच नव्हता. तिने ते मुकुंदरावांना दिलं. जिवंत बाप घरात असताना मेलेला बापसुद्धा शेजारून आणला.

तालीम ब्लॉकखाली, व्हॉइड डेकवर, म्हणजे इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर. मुकुंदराव पांढरी बेडशीट ओढून सिमेंटच्या बाकावर आडवे व्हायचे. आमच्याकडे लोकांचे अंत्यविधीही तिथेच होतात. एक दिवस सातव्या मजल्यावरच्या चिनी आंटी थबकल्या, भाजीची पिशवी खाली ठेवून त्यांनी मान झुकवली आणि मला हळूच विचारलं, "युवर ब्रदर, आह?" तेवढ्यात बेडशीटमधून आवाज आला, "पोरी, मागू नकोस!" आंटी पुढे महिनाभर मागच्या लिफ्टने जात होत्या.

कार्यक्रम झकास झाला. ईरा कमरेवर हात ठेवून कडाडली, "बाबा, मी घाबरत नाही, तलवार द्या!" बाबा म्हणाली, त्यांना. टाळ्या कडकडल्या. मीही वाजवल्या, दात आवळून.

नंतर फराळाच्या वेळी दमलेली ईरा मुकुंदरावांपाशी गेली आणि त्यांच्या मांडीवर चढू लागली. तर हा गृहस्थ विंचू चावल्यासारखा उठून उभा राहिला. चिवडा सांडला, पोर पडता पडता वाचली आणि तिचं तोंड एवढंसं झालं. मला आधी बरं वाटलं. मग असा राग आला की मी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं.

"असं झिडकारायचं असेल तर लळा कशाला लावता?"

"चुकलं माझं," ते म्हणाले. "पण तिकडे गाथांत चाल आहे. मूल गुडघ्यावर बसवलं की ते त्या माणसाचं होतं. आपण दत्तक मांडीवर घेतो ना, तसंच."

"अहो, पुस्तकातल्या गोष्टी त्या."

"तुमच्यासाठी." ते चष्मा पुसत राहिले. "दोन-तीन वर्षांत तुम्ही परत पुण्याला जाल. इथे सगळेच जातात. शेजाऱ्यांची मुलगी गेली तर सोसता येईल मला. एकदा मांडीवर बसली की नाही सोसणार."

मी त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं. ईरा आईच्या पदराआड रुसून बसली होती. तिला उचललं आणि त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं.

मुकुंदरावांना हात कुठे ठेवावेत तेच कळेना. शेवटी हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून, श्वासही बेताने घेत, ते बसून राहिले. ईरा थोडा वेळ फुरंगटली आणि मग त्यांच्या सदऱ्यावर डोकं टेकून झोपून गेली.

बायकोने निघायची खूण केली. मी तिला थांब म्हणालो आणि समोरच्या खुर्चीत बसलो. पोटात दुखायचं ते दुखतच होतं.