हिरवा दिवा आणि पालीची शेपटी

एका जंगलात, बाळांनो, पाणी कमी होते आणि नेटवर्क भरपूर होते.

पाणी म्हणजे एकच डोह. त्यात एक मगर राहत असे. ती काही वाईट नव्हती. तिलाही पोट होते, एवढेच.

डोहाच्या काठी एक टिटवी बसायची. मगर काठाकडे सरकली की ती ओरडायची आणि सगळे पळायचे. अशी पुष्कळ वर्षे गेली. पण म्हाताऱ्या भेकरमावशीला टिटवीचा उपयोग उरला नव्हता. तिचे कान गेले होते. टिटवी घसा फोडून ओरडायची आणि मावशी पाणी पिता पिता म्हणायची, "आज टिटवी आली नाही वाटतं?"

दोनदा ती थोडक्यात वाचली. मग तिने डोहच सोडला. पहाटे पानांवरचे दव चाटायचे, दगडाच्या खळग्यात साचलेले पाणी प्यायचे, असे तिचे चालले होते. उन्हाळ्यात दव पडत नाही आणि खळगेही कोरडे होतात. मावशी वाळत चालली होती.

डोहाकाठी एक काळा दगड होता. त्याच्या भेगेत एक पाल राहत होती. ती मावशीची मैत्रीण. मावशीच्या कानात शिरून बोलली तरच मावशीला ऐकू जायचे, आणि कानात शिरण्याएवढी लहान मैत्रीण तिला एकच होती.

पालीचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. काही खटकले की चुकचुकायचे. त्या जंगलात रीत अशी होती, की पाल चुकचुकली की ज्याने त्याने हातातले काम थांबवायचे, जमिनीवर टिचकी मारायची आणि 'कृष्ण कृष्ण' म्हणायचे. हत्तीसुद्धा म्हणायचा. हत्तीच्या टिचकीने पाल दगडावरून खाली पडायची. पण रीत ती रीत.

तर एके दिवशी कोल्हेसाहेबांनी सभा घेतली. जंगलाचा कारभार तेच पाहत.

"टिटवीचा जमाना गेला," ते म्हणाले. "आता अ‍ॅप येणार. नाव 'निर्धास्त'. मगर जवळ असली की मोबाइलवर लाल दिवा. नसली की हिरवा. ऐकू येवो न येवो, दिसलं म्हणजे झालं!"

भेकरमावशीला ही सभा पालीने कानात सांगितली. मावशीचे डोळे भरून आले. "म्हणजे मला पुन्हा डोहावर जाता येईल? पोटभर पिता येईल?"

"येईल, मावशी," पाल म्हणाली. तिलाही आनंद झाला होता.

अ‍ॅप करायचे काम हुप्पे नावाच्या वानराकडे होते. हुशार होता. उंबराच्या शेंड्यावर बसायचा, दोन्ही हातांनी आणि एका पायाने काम करायचा.

"नियमाप्रमाणे एक तपासनीस लागेल," कोल्हेसाहेब म्हणाले. "कोणाला नेमायचं?"

"पालीला नेमा," हुप्पे म्हणाला. "नाहीतरी दिवसभर चुकचुकतच असते."

पालीला बोलावणे आले. कोल्हेसाहेबांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या पाठीवर उलटी बसली.

"पालबाई, आता तुम्ही ऑफिसात आलात. इथं चुकचुकायचं नाही. ते अशुभ दिसतं. जे काही असेल ते लेखी द्यायचं."

पालीने मान हलवली. तिला वाटले, लेखी म्हणजे जास्त पक्के.

ती मन लावून तपासू लागली. पळसाच्या पानावर काट्याने लिहायची. भेकराने खुराने बटण दाबले तर दोन बटणे एकदम दाबली जातात, असे तिने लिहिले. हुप्पेने दुरुस्त केले. साप पुढे जाऊच शकत नाही, कारण पहिलाच प्रश्न 'उजवा हात की डावा?' असा आहे, असे तिने लिहिले. हुप्पे खूप हसला आणि तेही दुरुस्त केले. हत्तीने बटण दाबले तर मोबाइलच उरत नाही, असेही तिने लिहिले.

"ती चूक हत्तीची," हुप्पे म्हणाला. ते पालीलाही पटले.

असे छान चालले होते. मग माघात एके सकाळी पाल स्वतः पाण्यावर गेली. मोबाइल दगडावर ठेवला. दिवा हिरवा होता. काठाला एक ओंडका लागला होता. ती त्यावर उतरली. चालत चालत टोकापर्यंत गेली. टोकाला ओंडक्याला दात होते.

पाल उडाली. शेपटी राहिली.

दगडावर येऊन तिने धापा टाकत मोबाइल पाहिला. आता दिवा लाल झाला होता. तिला सगळे कळले. मगर हलली तरच अ‍ॅपला मगर दिसत होती. पडून राहिली की तिचा ओंडका होत होता. आणि मगरीचे निम्मे आयुष्य, बाळांनो, पडून राहण्यातच जाते. तिचा धंदाच तो.

पालीने लगेच लिहून दिले.

"माझ्या झाडावर तर नीट चालतंय," हुप्पे म्हणाला.

"तुमच्या झाडावर मगर येत नाही, हुप्पेराव."

"तेच सांगतोय. आजवर एकदाही चुकलं नाही."

कोल्हेसाहेबांनी पान वाचले. पहिली ओळ वाचली म्हणा. "पालबाई, पुन्हा करून दाखवा. जी चूक पुन्हा होत नाही ती आम्ही चूक धरत नाही."

"साहेब, शेपटी तुटलीये."

"मग उगवू द्या की."

पालीची शेपटी उगवते. चैत्रात उगवली. जरा आखूड, पण होती. पाल पुन्हा पाण्यावर गेली. या वेळी हुप्पे उंबरावरून पाहत होता आणि कोल्हेसाहेब टेकडीवरून. दिवा हिरवा. पाल ओंडक्याच्या टोकाकडे चालू लागली. मग जे व्हायचे ते झाले. दुसरी शेपटीही गेली.

"लाल झाला होता!" हुप्पे झाडावरून ओरडला. "मी डोळ्यांनी पाहिलं!"

"कधी झाला?" पालीने विचारले.

"चावल्यावर. जबडा हलला ना."

"चावल्यावर इशारा मिळून काय करायचं?"

"इशारा मिळाला की नाही, तेवढं सांगा."

"मिळाला."

"मग झालं तर!"

कोल्हेसाहेब टेकडीवरून खाली आले आणि त्यांनी स्वतः नोंद केली. 'इशारा मिळतो. किंचित उशिरा. नुकसान : शेपटी, परत उगवणारी. चूक : किरकोळ.'

"साहेब," पाल म्हणाली, "मी पाल आहे म्हणून किरकोळ आहे. भेकरमावशीची मान परत उगवत नाही."

"त्यांची तक्रार आली आहे का?"

"त्या अजून डोहावर गेल्याच नाहीत."

"गेल्यावर आली तर पाहू. ज्याची मान, त्याची तक्रार. दुसऱ्याच्या मानेची तक्रार आपण घेत नाही."

पालीने हे दुसऱ्यांदा लिहून दिले. कोणी वाचले नाही, म्हणून तिसऱ्यांदा लिहिले. या वेळी पुष्कळ लिहिले. मगर कशी पडून राहते, कुठे, किती वेळ, सगळे. चाळीस पाने झाली. कोल्हेसाहेबांनी गठ्ठा हातात तोलून पाहिला. "मेहनत दिसतेय," असे म्हणाले आणि बाजूला ठेवला.

उद्घाटन अक्षय्य तृतीयेला ठरले. बगळेगुरुजींनी मुहूर्त काढून दिला. डोहाचे पहिले पाणी कोणी प्यायचे, यावर विचार झाला. कोल्हेसाहेब म्हणाले, "मान भेकरमावशींना. पहिल्या लाभार्थी त्याच."

आदल्या दिवशी पाल मावशीच्या कानात शिरली. "मावशी, उद्या पिऊ नकोस. त्यात खोट आहे."

"अगं, पण खाली तुझं नाव आहे, तूच वाचून दाखवलंस ना? 'तपासणी : पाल.' त्यापुढं 'पास.'"

"तपासलं मी. पास त्यांनी केलं."

मावशीने कोरडी जीभ ओठांवरून फिरवली. मग म्हणाली, "बये, मला फार तहान लागलीय गं."

पाल कानातून हळूच बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जंगल डोहाकाठी जमले. तोरण बांधले होते. पानावर शिरा वाढला होता. पाल दगडावरून पाहत होती. एका पत्रावळीवर तिला ओळखीचे अक्षर दिसले. तिने नीट पाहिले. तिचाच अहवाल होता. चाळीसही पानांच्या पत्रावळ्या झाल्या होत्या, काड्यांनी छान टाचलेल्या. शिऱ्याच्या बाजूला अर्धी ओळ दिसत होती : 'मगर पडून असताना दिवा...' पुढे तूप होते.

मावशीला झेंडूची माळ घातली. कोल्हेसाहेबांनी मोबाइल उंच धरला. दिवा हिरवागार होता. काठाला एक ओंडका लागला होता.

"चला, मावशी!"

टाळ्या वाजल्या. मावशीने एक पाय पाण्यात टाकला. पाणी पायाला लागले तसे तिने डोळे मिटले. मग दुसरा पाय टाकला. मान खाली घातली.

पालीने स्वतःच्या पाठीमागे पाहिले. शेपटीच्या जागी नुसते बोंड होते. पुन्हा करून दाखवायला काही शिल्लक नव्हते. लिहायला वेळ नव्हता.

ती चुकचुकली.

सगळे जंगल जागच्या जागी थांबले. टाळ्या थांबल्या. घास हातात राहिले. बगळेगुरुजींनी डोळे मिटले. कोल्हेसाहेबांच्या हातून मोबाइल पडला, त्यांनी पुढे धावून मावशीची माळ धरली आणि तिला मागे ओढले.

"थांबा, थांबा! पाल चुकचुकली!"

"कृष्ण कृष्ण," सगळे म्हणाले. जमिनीवर टिचक्या वाजल्या. हत्तीची सगळ्यात शेवटी वाजली.

मावशीला ऐकू काही आले नाही. पण सगळे वाकून टिचक्या मारताहेत हे पाहून ती समजली. पाय काढून काठावर येऊन उभी राहिली.

"मुहूर्त बिघडला," बगळेगुरुजी म्हणाले. "नवा पाहावा लागेल." ते एका पायावर उभे राहून बोटे मोजू लागले. त्यांना एकाच पायाची बोटे मोकळी असल्यामुळे वेळ लागत होता.

ऊन चढले. मगर पाण्यात पडून होती. समोर दोन हातांवर माळ घातलेले जेवण उभे होते. ती पुष्कळ थांबली. मगरीच्या मानाने फारच थांबली. शेवटी तिच्याने राहवेना. ती उसळली.

मावशी मागे उडाली. मगरीच्या दातांत झेंडूची माळ आली.

आणि मोबाइलवर लाल दिवा लागला.

मग हुप्पे उंबरावरून ओरडला, "लाल! लाल झाला! बघा, अ‍ॅपनं मावशींना वाचवलं!"

एवढा टाळ्यांचा कडकडाट त्या जंगलात कधी झाला नव्हता. हुप्पेला खांद्यावर घेतले. कोल्हेसाहेबांचे डोळे पाणावले. "पहिल्याच दिवशी एक जीव वाचला," ते म्हणाले. मगर झेंडू थुंकत खाली गेली.

सायंकाळी पालीला पत्र आले. 'आपणास कामावरून कमी करण्यात येत आहे. कारण : शुभप्रसंगी तोंडी तक्रार.'

दुसऱ्या दिवशी मावशी दगडापाशी आली. पाल तिच्या कानात गेली.

"काल मी वाकले तेव्हा दिवा हिरवा होता ना गं?"

"होता."

"आणि तू हे लिहून दिलं होतंस?"

"तीनदा."

"मला मेलीला वाचता येत नाही."

"ज्यांना येतं त्यांनी त्यावर शिरा खाल्ला, मावशी."

मावशी हसली. पालही हसली. मग दोघींनी मिळून एक सोपे ठरवले. पाल रोज दगडावर बसेल. मगर कुठे पडली आहे ते पाहील. धोका असला तर शेपटी वर. नसला तर शेपटी खाली. ऐकायला नको, वाचायलाही नको.

वैशाख संपता संपता तिसरी शेपटी उगवली. बोंडासारखी, जाडसर, रंगही वेगळाच. पण वर होत होती आणि खाली होत होती. ती खाली झाली त्या दिवशी मावशी पोटभर पाणी प्याली. इतकी प्याली की तिला तिथेच बसावे लागले.

हळूहळू ही गोष्ट इतरांच्या ध्यानात आली. कोणी कोणाशी बोलले नाही. डोहावर यायचे, मोबाइल काढायचा, हिरवा दिवा पाहायचा, "वा!" म्हणायचे, आणि मग सहज मान वळल्यासारखे करून दगडाकडे पाहायचे. मोबाइल हिरवा आणि शेपटी वर, असे असले की एखाद्याला एकदम घरचे काम आठवायचे.

मगर पुन्हा माशांकडे वळली. 'निर्धास्त'ला सगळ्यांनी पाच-पाच तारे दिले. एकही तक्रार नाही, म्हणून कोल्हेसाहेबांना शेजारच्या तीन जंगलांचे काम मिळाले. टिटवीला सक्तीने विश्रांती दिली.

एका दुपारी हुप्पे उंबरावरून उतरला. त्यालाही तहान लागतेच. त्याने मोबाइल पाहिला. दिवा हिरवा होता. त्याने स्वतः केलेला दिवा. त्याने मागे पाहिले, वर पाहिले. कोणी नव्हते.

मग त्याने दगडाकडे पाहिले.

शेपटी वर होती.

"नंतर येतो," तो हळूच म्हणाला, आणि झाडावर चढला.

पालीने मान हलवली. तिला राग आला नाही. ती फक्त शेपटी खाली व्हायची वाट पाहत बसली, म्हणजे त्याला हाक मारता येईल.

तात्पर्य : नव्या साधनावर पूर्ण विश्वास ठेवावा, आणि त्याला पाच तारे द्यावेत. पाणी पिण्यापूर्वी मात्र एकदा पालीच्या शेपटीकडे पाहावे. पाहिले हे कोणाला सांगू नये.