धडधाकट हवालदारकाका

आमच्या देवासच्या कॉलनीत जिना चढताना शीळ घालणारा एकच माणूस, हवालदारकाका. शीळ ऐकू आली की समजायचं, गुडघा ठणकतोय. फौजेत असताना ड्यूटीवर गाडी उलटली आणि डावा गुडघा कायमचा कामातून गेला. पण विचारून बघा. "एकदम फिट, भिया. अपन को क्या होना है?"

या 'फिट'नेच घात केला. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी मेडिकल बोर्डासमोर जायचं होतं. काका दाढी घोटून, बूट चमकवून गेले आणि काठी बाहेरच्या बाकावर ठेवून आत शिरले. समोर साहेब बसलेले दिसताच टाचा जुळवल्या. दुखतं का, असं डॉक्टरांनी विचारलं. "नो सर." झालं, अर्ज परत. आणखी वैद्यकीय पुरावा जोडा म्हणे.

हा किस्सा मी चार ठिकाणी नकलेसकट सांगून हशा मिळवला. आता आठवलं तरी लाज वाटते.

पुन्हा अर्ज करताना काका म्हणाले, "त्रास पाहिलेल्या शेजाऱ्याचं पत्र लागतं. तू लिही." पत्र म्हणजे माणसाचा गौरव करायचा, एवढीच माझी अक्कल. झोकात लिहून टाकलं, 'काका अत्यंत उमदे. साठी उलटली तरी धडधाकट. शेजाऱ्याचा गॅस सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवून देतात.' तो शेजारी मीच.

परवा फाईल पुन्हा परत आली. सोबतचं इंग्रजी पत्र काकांनी मला वाचायला दिलं. शेजाऱ्याच्या म्हणण्यानुसार अर्जदार धडधाकट आहे, सबब आणखी वैद्यकीय पुरावा जोडावा. माझी मान वर होईना.

"काका, माती खाल्ली मी."

"मालूम है. फाईल देतानाच बाबू म्हणाला होता, हे पत्र काढून टाका."

"मग काढलं का नाही?"

काका गुडघा चोळत बसले. माझ्यासमोर त्यांनी तो कधी चोळला नव्हता.

"तुझी काकू गेल्यापासून माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी बोललंच नव्हतं रे. म्हटलं, साहेबलोकांनी एकदा वाचू दे."

मी कोरा कागद पुढे ओढला.

"लिही," काका म्हणाले. "या वेळी खरं खरं लिही. फक्त मला वाचून दाखवू नकोस."