सांबाराशेजारी नॅनोरॉड

झिंक ऑक्साइडचे नॅनोरॉड वाढवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! काचेवर बीजाचा थर द्यायचा, काच द्रावणाच्या बाटलीत सोडायची, नव्वद अंशांवर चार तास ठेवायची. केसाहून शेकडो पट बारीक दांडे काचेवर दाट उभे! असं मी, म्हणजे नागपूरची भार्गवी, कानडी मुलखात, हेब्बाळच्या आमच्या प्रयोगशाळेत नव्या मुलांना छातीठोकपणे सांगत असे.

त्या गुरुवारी दुपारी चारला मला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर वेळ मिळाली होती. दोन महिने थांबून! ती हुकली असती तर प्रबंध आणखी लांबणीवर. सकाळी नऊला आले, तर कालच्या काचा आरशासारख्या लख्ख!

"देवाप्पा अण्णा! यावर पांढरा थर होता ना?"

देवाप्पा आमचे प्रयोगशाळा-सेवक. निपाणीकडचे, निवृत्तीला टेकलेले. "होतं की अक्का! स्वल्प घाण धरलेलं. पुसून टाकलो. एका फडक्यात गेलं बघा!"

मी काचा उजेडात धरून पाहिल्या. रडायचीच बाकी होते. आणि मग डोक्यात टोचलं. एका फडक्यात? नॅनोरॉड असे जात नाहीत! म्हणजे बीजाची बाजू खाली करून पालथ्या ठेवायच्या काचा मी उताण्या ठेवल्या होत्या, आणि त्यांच्यावर साचली होती नुसती पूड! अण्णांनी पुसल्या नसत्या, तर चार वाजता मी मोठ्या ऐटीत पूड दाखवली असती.

बीज दिलेल्या दोन काचा उरल्या होत्या. घाईघाईनं द्रावण केलं, काचा नीट पालथ्या सोडल्या, ओव्हन लावला आणि आमच्या इमारतीची वीज गेली! दुरुस्तीसाठी, संध्याकाळपर्यंत.

"नव्वद डिग्री ऊन पाणी पायजे ना?" अण्णा म्हणाले. "चला क्यांटीनला!"

क्यांटीनमध्ये सांबार-रसम गरम ठेवायला गॅसवर पाण्याचं मोठं पात्र असतं. बाटली घट्ट बंद करून, वेगळ्या डब्यात घालून आम्ही त्यात ठेवली. थर्मामीटर धरून अण्णा शेजारी उभे! ज्योत कमी, ज्योत जास्त.

तासाभरात द्रावण दुधासारखं पांढरं झालं. हिशेब विभागातले एक साहेब डब्यात डोकावले, "अरे वा, नारळाची चटणी!" आणि त्यांनी बाटलीला हात घातला.

"मुट्टबेडी!" अण्णा ओरडले. "हात लावू नका! औषध आहे त्यात!"

झालं! 'सांबारात औषध' ही बातमी शेवटच्या टेबलावर पोचेपर्यंत 'सांबारात विष' झाली होती. चमचे खाली पडले. रांग पळाली. सुरक्षारक्षक धावत आला. क्यांटीनवाले वादिराज कपाळाला हात लावून बसले. तेव्हा अण्णांनी सगळ्यांसमोर उभ्या उभ्या तीन वाट्या सांबार प्यायलं. डावा हात थर्मामीटरवरच!

चार वाजता, वीज असलेल्या शेजारच्या इमारतीत, सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर षटकोनी दांडे उमटले. शिस्तीत, ताठ! अतिनील दिव्याखाली काच पिवळसर उजळली. श्यामला मॅडम, माझ्या मार्गदर्शक, म्हणाल्या, "इतके सरळ तर तुझे कधीच आले नव्हते!"

मी सगळं खरं सांगितलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग शोधनिबंधात आभार कोणाचे मानायचे, ते कळलं ना?"

मी मानलेच. शिवाय सूक्ष्मदर्शकानं काढलेला त्या दांड्यांचा फोटो मोठा करून, चौकट घालून अण्णांच्या घरी नेला. त्यांनी तो बराच वेळ निरखला. "छान आलंय अक्का. ऊदबत्त्या आहेत ना?" आणि देव्हाऱ्याशेजारी टांगला.

माझा शोधनिबंध आजवर अकरा जणांनी वाचलाय, मला आणि आईला धरून. तो फोटो मात्र त्यांच्या अख्ख्या गल्लीनं पाहिला. शेजारच्या दोघांनी मला ऊदबत्तीचा भावही विचारलाय!