चाळीस दिवस मिठात

बाल्कनीत कापडाची घडी होती, पण घडीत पट्टी नव्हती. प्योन तेहूनने ती दोनदा झटकून पाहिली. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाडीच्या पोटात धातूच्या अशा शेकडो पट्ट्या बसतात. आतल्या आम्लात त्या गंजल्या की गाडीने मान टाकलीच. न गंजणारा काळा मुलामा शोधण्यात तेहूनची चार वर्षं गेली होती. उद्या पहिल्या गाडीने पट्टी राजधानीला, सोलला नेऊन गिऱ्हाइकाला दाखवायची होती. त्याने नाक मुरडलं, तर काम बंद आणि तेहून घरी.

पट्टी ठेवायला घरात कपाटं काय कमी होती? पण या शहाण्याने ती ऐन किमचीच्या, म्हणजे वर्षाचं कोबीचं लोणचं घालायच्या आठवड्यात बाल्कनीत ठेवली. त्याच बाल्कनीत, गावाहून आलेल्या आईने सुनेला हाताशी घेऊन साठ कोबी खारवून भरले होते आणि आपल्या वाटणीची बरणी घेऊन ती दुपारीच गावी परतली होती. तेहूनने फोन लावला.

"ती होय? कोबीवर ठेवलीय, वर दगड," आई म्हणाली. "पाणी वर यायला आयत्या खाचा आहेत तिला. गुणाची वस्तू आणलीस बघ."

"आई, ती आत्ताच्या आत्ता बाहेर काढ."

"खुळा आहेस का? बरणी अंगणात पुरलीय. चाळीस दिवसांआधी उघडली तर सगळी नासेल."

कोरियात मुलगा साहेब होतो, पण आईची बरणी उघडण्याइतका मोठा कधीच होत नाही. तेहूनने विभागप्रमुख नामसाहेबांना कळवलं, की पट्टीची जादा चाचणी चालू आहे, मीठ आणि आंबट एकदम. साहेबांनी भेट पुढे ढकलली आणि चाचणी संपताना मी जातीने येणार म्हणून सांगितलं. झालं, आगीतून फुफाट्यात.

चाळिसाव्या दिवशी गावच्या वाटेवर तेहूनने सगळं कबूल केलं. साहेबांनी गाडी मात्र वळवली नाही. अंगणात आईने दगड उचलला, पट्टी काढून नळाखाली धरली. कुठे डाग नाही, पोपडा नाही. बिचाऱ्या तेहूनला रडूच आलं.

साहेबांनी वही उघडली. "आई, मीठ किती घातलं होतंत?"

"हातानं घातलं."

"म्हणजे किती?"

आईने मूठ मिटून दाखवली. साहेबांनी ती चारी बाजूंनी मोजली आणि तसंच लिहून घेतलं.

गिऱ्हाइकाला पट्टी पसंत पडली. अट एकच: आणखी बारा पट्ट्या याच पद्धतीने तपासायच्या, आणि हात तोच हवा. पुढच्या वर्षी आईला आणायला कंपनीची गाडी गेली. प्रयोगशाळेत पांढरे डगले घातलेली सात माणसं कोबी चिरायला तयार उभी होती. आईने एकेकाला काम नेमून दिलं. तेहून मिठाच्या पोत्याकडे वळला, तशी तिने त्याला थांबवलं.

"हा लसूण सोलेल," ती साहेबांना म्हणाली. "खारवण्यातलं त्याला काही कळत नाही."