बापूंची न्यूट्रलची गोळी

आचऱ्याकडच्या बाजारात माझं औषधांचं दुकान आहे आणि तिथे गिऱ्हाईक दोन आवाजांत बोलतं. खोकल्याचं औषध मोठ्यानं मागतं. मनाच्या आजाराची चिठ्ठी असली की तिची बारीक घडी होते, ती काउंटरवरून हळूच सरकते आणि वर 'पावण्यांसाठी व्हयी' असा खुलासा येतो. त्या हिशेबानं आमच्या तालुक्यातल्या पाव्हण्यांची अवस्था फारच नाजूक म्हणायला हवी. बापू परब मात्र रस्त्याच्या पलीकडूनच हाळी देतात, "भाऊ, माझी न्यूट्रलची गोळी काढून ठेव रे."

बापू एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त झाल्यावर त्यांना उदासपणाचा आजार जडला आणि त्याचं वर्णनही त्यांनी आपल्या भाषेतच केलं. "इंजिन चालू आसा, लायटी लागतत, हॉर्न वाजता, पण गाडी न्यूट्रलात, जाग्यावरसून हलना नाय." हे वाक्य कुडाळच्या डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं, असं बापू सांगतात. बापूंचं निम्मंच धरायचं असतं, पण हे खरं असावं.

गोळी हातात पडली की ते ती पिशवीत टाकत नाहीत. पाकीट दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटतात आणि गाऱ्हाणं घालतात. आमच्याकडे देवळात गावाच्या वतीनं एकानं रवळनाथ, बारा-पाच अशा गावच्या देवांना क्रमानं हाक मारून साकडं घालायचं आणि बाकीच्यांनी वाक्यावाक्याला 'व्हय महाराजा' म्हणायचं, ही रीत आहे. बापूंनी ती देवळाबाहेर काढली. स्कूटरला किक मारण्याआधी गाऱ्हाणं, गॅसचा सिलिंडर बदलताना गाऱ्हाणं, मोबाइलला रेंज नसली तर जरा लांबलचक गाऱ्हाणं. माझ्या दुकानात डायपर घ्यायला आलेलं पुण्याचं एक जोडपंसुद्धा एकदा हात जोडून 'व्हय महाराजा' म्हणून गेलं.

न म्हणणारं माणूस एकच, ते म्हणजे त्यांची बायको, माई. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं एकदाही 'व्हय महाराजा' म्हटलेलं नव्हतं. बापूंनी डोळे मिटले की ती पदर खोचून आत निघून जायची. "देवाक दुसरी कामा आसत," एवढं तिचं म्हणणं.

बापूंचं दुसरं वेड जुन्या वस्तूंचं. स्कूटर अशी की तिचे सुटे भाग आता फक्त बापूंच्या पडवीतच मिळतात. रेडिओ थापटी मारल्याशिवाय बोलत नाही. मुलानं मुंबईहून नवा मिक्सर पाठवला, तर बापूंनी त्याला हार घातला आणि वाटण पाट्यावर करायला लावलं. 'नव्याक नव दिवस' ही त्यांची म्हण, आणि दुर्दैवानं ती त्यांच्या गोळ्यांनाच लागू पडत गेली. पहिली गोळी छान चालली आणि पुढे लंगडली. मग दुसरी आली, मग तिसरी. प्रत्येक वेळी बापू थोडे दिवस उजळायचे आणि पुन्हा मंद व्हायचे.

आम्हाला ते कळायचं गाऱ्हाण्यावरून. आधी त्यातले देव कमी झाले. मग ते एका ओळीवर आलं. आणि एका सकाळी बापू दुकानात आले, काउंटरवर ओणवले आणि माझ्या कानाशी कुजबुजले, "ती गोळी दी." इतकी वर्षं कुजबुजणारी माणसं पाहिली, त्यांची गंमतही केली, पण ही कुजबुज गमतीची नव्हती. मी सगळं दुकान बायकोवर टाकून त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. वाटेत ते स्कूटरबद्दलही बोलले नाहीत.

पुढच्या खेपेला ते कुडाळहून परतले ते जरा ताठ मानेनं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की नव्या गोळ्यांनी काम होत नाहीसं दिसतं, तर आता एका जुन्या वर्गातली गोळी देऊन पाहू. आता ती फारसं कोणी लिहून देत नाही, पण काहींना तिचा चांगला गुण येतो. बापूंना गोळीपेक्षा या विजयाचंच जास्त अप्रूप वाटलं. "मी काय सांगी होतंय? शेवटी जुन्याकडेच येवचा लागला ना?" हे त्यांनी मासळीवाल्या बायकांपासून रिक्षा स्टँडपर्यंत सगळ्यांना ऐकवलं. गाऱ्हाण्यात पुन्हा दोन देव वाढले.

पण ती चिठ्ठी काही ते मला देईनात. आज विसरलो, उद्या आणतो, आता अमावस्या आहे. शेवटी मीच त्यांच्या खिशातून काढून घेतली, तेव्हा मागच्या बाजूला पथ्य दिसलं. या गोळीवर सुकी, खारवलेली, मुरवलेली मासळी अजिबात चालत नाही. खाल्ली तर रक्तदाब एकदम चढतो आणि जिवावर बेततं. ताजी मासळी चालेल.

आता आमच्याकडे खारा बांगडा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगणं कठीण. पावसाळ्यात समुद्र बंद असतो, म्हणून त्याच्या आधी प्रत्येक घर सुक्या मासळीची बेगमी करून ठेवतं. माईचा खारा बांगडा वाडीत पहिल्या नंबरचा. ती मीठ लावून अंगणात पसरते आणि बापू मोडकी छत्री घेऊन कावळे-मांजरांवर पहारा करतात. मग पावसात दुपारी निखाऱ्यावर भाजलेला तो बांगडा आणि गरम पेज. त्या वासानं मी दुकान बंद करून त्यांच्याकडे गेलो आहे, एकदा नव्हे, पुष्कळदा.

तर बापू टाळाटाळ करू लागले. आधी म्हणाले, बांगड्यांचा हंगाम संपू दे. मग म्हणाले, डॉक्टरीणबाई देशावरच्या, त्यांना सुक्यातला आणि खाऱ्यातला फरक कळत नसेल. मला राग आला. आवाज गेलेला माणूस, घरचे काळजीत, आणि हा जिभेसाठी अडून बसलाय. मी ते तोंडावर बोललो.

बापू स्कूटरचं हँडल पुसत होते. पुसता पुसता म्हणाले, "माझा काय रे, मी उद्या सोडीन. पण मी खाल्लंय नाय तर ती करूची नाय. माझी साखर बंद झाली तेव्हापासून हिच्या च्यायत साखर पडाक नाय. माझ्यापेक्षा तिका बांगडो जास्त आवडता. आणि उदास मी, पथ्य तिना कित्या करूचा?"

संध्याकाळी जाऊन मी ते सगळं माईला सांगितलं. असल्या गोष्टी माझ्या पोटात राहत नाहीत. माईनं ऐकून घेतलं, चुलीवरचं भांडं उतरवलं आणि म्हणाली, "गोळी मागव तू. तेंचा मी बघतंय."

गोळी मुंबईहून यायची होती. पण त्याआधी एक अवघड टप्पा होता. हातातली गोळी हळूहळू बंद करायची, अंगातून पुरती उतरू द्यायची आणि मगच ही सुरू करायची. बापूंना ते चटकन पटलं. "एक गाडी डेपोतसून भायर पडल्याशिवाय दुसरी आत घेवची नाय," म्हणाले. पटणं वेगळं आणि निभावणं वेगळं. मधले दिवस वाईट गेले. डॉक्टरीणबाईंचा फोन रोज असायचा, मुलगा मुंबईहून येऊन राहिला होता आणि मी दुकान उघडण्याआधी एक फेरी मारायचो.

अशाच एका सकाळी गेलो, तर बापू भिंतीकडे तोंड करून पडलेले. पेज गार झालेली. माई खाटेच्या पायाशी उभी होती. मला पाहून तिनं पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि घसा खाकरला.

"बा देवा बारा-पाचाच्या महाराजा, आणि रवळनाथा," ती सुरू झाली. "ह्या घरच्या माणसान आज चार दिवस धड खाल्ल्यान नाय. तेची गाडी चालू कर. तो बरो झालो, की मी तेच्यासमोर बसान खारो बांगडो खाईन, रे महाराजा."

"व्हय महाराजा," मी म्हणालो. मुलगा दूध आणायला गेला होता, माझ्याखेरीज म्हणायला कोणी नव्हतं.

मग भिंतीकडून बारीक आवाज आला. "आधी रवळनाथ. बारा-पाच मगे. देवांका उलट्या नंबरान बसयलंस."

"माका काय म्हायत," माई म्हणाली. "येता तर तुमी सांगा."

बापू कोपरावर रेलून उठले. त्यांनी एकेक देव ओळीनं सांगितला, माईनं मागून म्हटला, आणि त्या भरात अर्धी वाटी पेज त्यांच्या पोटात गेली. रोज कानावर पडणाऱ्या गाऱ्हाण्याचा क्रम माईला येत नव्हता, यावर माझा आजही विश्वास नाही. मी तिला ते कधी विचारलेलं नाही.

नवी म्हणजे जुनी गोळी सुरू झाली. सावकाश लागू पडली, रक्तदाब मोजत मोजत. आणि पावसानं उघडीप दिलेल्या एका सकाळी रस्त्याच्या पलीकडून हाळी आली, "भाऊ, न्यूट्रलची गोळी काढून ठेव रे." माझी बायको आतून धावत बाहेर आली. मासळीवालीनं टोपली खाली ठेवली. त्या दिवसाचं गाऱ्हाणं इतकं लांबलं की दुकानासमोर दोन रिक्षा खोळंबल्या, आणि रिक्षावालेही हात जोडून उभे राहिले.

रविवारी मला जेवायचं बोलावणं आलं. चुलीपाशी बापू स्वतः. निखाऱ्यावर एकच खारा बांगडा भाजत होते आणि नाकाला पंचा बांधला होता. "वास चलता काय ता डॉक्टरणीक इचारूचा ऱ्हवला," म्हणाले. आमच्या दोघांच्या ताटात खाडीतल्या ताज्या मासळीची कढी होती. बांगडा त्यांनी माईच्या पानात वाढला आणि समोर मांडी घालून बसले.

माई संकोचली. मग नवस आठवून तिनं तुकडा मोडला आणि तोंडात घातला. डोळे मिटून चावला.

बापूंनी हात जोडले. "बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या महाराजा, आज ही माझ्या पथ्यातसून सुटली. हिच्या पानातल्या बांगड्याक कोणाची नजर लागा नये. माझी सुदिक लागा नये, रे महाराजा."

मी तोंड उघडलं होतं, पण त्याआधीच, घास तोंडात असताना, माई म्हणाली, "व्हय महाराजा."