मैदान, आवृत्ती दुसरी

एखाद्या खेळावर अधिकारवाणीने बोलायचं तर तो खेळलेला असावा लागतो, हा एक जुना गैरसमज आहे. क्रीडा व उद्याने विभागाच्या संगणक कक्षातले कोच हे या गैरसमजाला चालतंबोलतं उत्तर होतं. कोच हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दा तर मुळीच नव्हे. कक्षातल्या लोकांनी थट्टेने ठेवलेलं आणि त्यांनी गांभीर्याने स्वीकारलेलं ते टोपणनाव होतं. परदेशातल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला कुठला खेळाडू डाव्या हाताने ड्रिबल करताना कचरतो, कुठल्या संघाने कुणाला सोडून स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, हे ते डबा खाता खाता सांगत. घरी व्हिडिओ गेममध्ये त्यांचा स्वतःचा संघ होता आणि तो दरवर्षी विजेता ठरे. खरा बास्केटबॉल त्यांनी हातात धरला होता तो दुकानात, किंमत बघायला.

कोच लिहीतही. 'बाकावरून' नावाच्या त्यांच्या ब्लॉगवर गेम, सॉफ्टवेअर आणि बास्केटबॉल या तीन विषयांवर चिंतन चाले. प्रत्येक लेखाची सुरुवात 'मी एक साधा, आळशी, हौशी माणूस' अशी. स्वतःला आधीच दोन टपल्या मारून घेतल्या की दुसऱ्याला मारायला जागा उरत नाही, हे त्यांना फार लवकर उमगलं होतं. वाचक तीन होते. एक बायको, तीही विचारल्यावर. दुसरा शेजारच्या टेबलावरचा सहकारी, कारण त्याला जायला दुसरी जागा नव्हती. आणि तिसरं, केसवाढीचं तेल विकणारं एक यंत्र, जे प्रत्येक लेखाखाली 'अप्रतिम माहिती' असा अभिप्राय न चुकता टाकी. कोच त्याचे मनापासून आभार मानत.

तर कार्यालयाच्या मागे बास्केटबॉलचं एक मैदान होतं. त्याची किल्ली वॉचमनकाकांच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असे. ज्याला खेळायचं तो किल्ली न्यायचा, खेळायचा, किल्ली परत टांगायचा. कधीमधी भांडणं व्हायची, ती काका मिटवायचे. बरं चाललं होतं. पण एका नागरिकाने तक्रार केली की मैदानाचा वापर कुठल्याही प्रणालीविना होत आहे. साहेबांनी चौकशी केली तेव्हा तक्रारीत तथ्य आढळलं. वापर खरोखरच होत होता, आणि प्रणाली खरोखरच नव्हती.

साहेबांनी कोचना बोलावलं.

"तुम्ही त्या खेळातले जाणकार ना?"

"जाणकार कसला साहेब, बाकावरचा माणूस."

"मग करा काहीतरी. वर दाखवता आलं पाहिजे."

पहिली आवृत्ती साधी होती. मोबाइलवर वेळ आरक्षित करा, या, खेळा. ती चालली. लोक वेळ घेऊन येत नसत, एवढीच एक अडचण. इथे दुसरा कुणी असता तर त्याने दुर्लक्ष केलं असतं. पण कोचना गेम खेळायची सवय होती, आणि गेममध्ये माणसाला शिस्त कशी लावतात हे त्यांना पाठ होतं. दुसऱ्या आवृत्तीत गुण आले. गुणांमागून लेव्हल आल्या. रोज सकाळी नुसतं लॉगिन केलं तरी गुण मिळू लागले. नियमांचे व्हिडिओ बघितले की आणखी गुण. रिंगमध्ये सेन्सर बसला, पडलेली प्रत्येक बास्केट आपोआप नोंदवणारा. गेट विजेवर आलं, अंगठा लावला की उघडणारं. एका अंगठ्याला एकच माणूस, म्हणजे फुकटे घुसायला नकोत. काकांची किल्ली निर्लेखित होऊन भांडारात जमा झाली. काकांनी रिकाम्या खिळ्याला आपली टोपी टांगली.

घोडं अडलं ते तिसऱ्या लेव्हलपाशी. मैदानात जायला तिसरी लेव्हल लागे, आणि तिसऱ्या लेव्हलला जायला मैदानात एक बास्केट करावी लागे.

हे पहिल्यांदा लक्षात आणून दिलं ते कोचच्या मुलीने. ती शाळेच्या संघात होती, म्हणजे घरातलं बास्केटबॉल दोघांत वाटलेलं होतं, ती खेळायची आणि हे बोलायचे.

"बाबा, तुझं ते गेट आम्हाला आत घेत नाही."

"लेव्हल किती?"

"दोन. सगळ्यांचीच दोन आहे."

"मग व्हिडिओ बघ ना."

"बघितले. एकात तूच आहेस, चेंडू उलटा धरलायस."

"चेंडूला उलटंसुलटं नसतं गं."

"तू धरलास की असतं. बाबा, मला खेळता येतं!"

"मला माहीत आहे. प्रणालीला कुठे माहीत आहे?" कोच म्हणाले, आणि आपण किती समर्पक बोललो हे जाणवून त्यांनी ते वाक्य ब्लॉगसाठी टिपून ठेवलं.

बायको शेजारी मटार सोलत होती. "अहो, पोरगी रडवेली झालीय आणि तुम्ही लिहिताय काय?"

"पुढच्या आवृत्तीत बघतो," कोच म्हणाले. या वाक्याने सॉफ्टवेअरच्या जगात आजवर एकाही माणसाचं समाधान झालेलं नाही, तरी ते म्हणायची पद्धत आहे.

मुली गाड्या लावायच्या जागेत सराव करू लागल्या. भिंतीवर खडूने गोल काढला होता, चेंडू त्यात लागला की बास्केट धरायची. मैदान मात्र आरशासारखं लखलखत राहिलं. भांडणं बंद, तक्रारी बंद, जाळीचा एक धागा सुटलेला नाही. अहवाल वर गेला आणि 'उत्कृष्ट देखभाल' या गटात मैदानाचं नाव पुरस्कारासाठी पुढे आलं. साहेबांनी कोचची पाठ थोपटली. कोच म्हणाले, "छे हो, माझं काय, मी आपला आळशी माणूस." आणि घरी येऊन त्यांनी त्यावर लेख लिहिला. तेलवाल्या यंत्राला तो अप्रतिम वाटला.

मग निवड सामना ठरला. विभागीय संघात मुलींची एक जागा रिकामी होती आणि ती भरायला निवडकर्त्या बाई स्वतः येणार होत्या. शाळेच्या या मुली पुढल्या वर्षी वयात बसणार नव्हत्या. कोचच्या मुलीने आठवडाभर धड जेवण केलं नाही. "बाबा, तू येशील ना?" तिने विचारलं. एवढ्या वर्षांत तिचा एकही सामना कोचनी पाहिला नव्हता. लीगचे सामने आणि तिचे सामने यांच्या वेळा जुळत नसत, आणि लीग काही आपल्या वेळा बदलत नाही.

"येतो की," कोच म्हणाले, आणि या खेपेला खरंच जायचं असं त्यांनी ठरवलं.

ते पोचले तेव्हा दोन्ही संघ, निवडकर्त्या बाई आणि साहेब, सगळे गेटबाहेर उभे होते. एकेका मुलीने अंगठा लावून बघितला होता. गेट प्रत्येकीला नम्रपणे सांगत होतं, आपली लेव्हल अपुरी आहे, शिकत राहा. कोणीतरी मदत क्रमांकावर फोन लावला. कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर, उघड्या खिडकीतून, कोचच्या रिकाम्या टेबलावर तो वाजत राहिला.

"दहाव्या लेव्हलचा माणूस सत्रप्रमुख म्हणून आत गेला की बाकी सगळ्यांना प्रवेश मिळतो," कोचनी नियम सांगितला.

"मग बोलवा त्याला," बाई म्हणाल्या. "मला अजून एका मैदानावर पोचायचंय."

कोचची छाती फुगली. शहरात दहाव्या लेव्हलचा एकच माणूस होता. रोज सकाळी दात घासताना लॉगिन करणारा, सगळे व्हिडिओ बघितलेला, कारण बनवलेलेही त्यानेच. आणि सेन्सर तपासताना बऱ्याच बास्केटी त्याच्या खात्यावर जमा झालेल्या होत्या. त्यांनी मुलीकडे बघून डोळा मिचकावला आणि अंगठा लावला. टाळ्या पडल्या. गेट उघडलं, कोच आत गेले, गेट मिटलं.

पडद्यावर अक्षरं उमटली. 'स्वागत आहे. सत्रप्रमुखाने एक बास्केट करून रिंग कार्यरत असल्याची खातरजमा करावी. त्यानंतर गेट उघडेल.'

हा नियमही त्यांचाच होता. सेन्सर बंद असेल तर खेळाडूंचे गुण बुडतील, म्हणून खेळाडूंच्या काळजीपोटी केलेला. तपासणीच्या वेळी मात्र कोचनी शिडीवर चढून चेंडू हाताने रिंगमध्ये सोडला होता. ती शिडी आता भांडारात होती आणि भांडारपाल रजेवर होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कोचनी चेंडू उचलला. तो इतका जड असतो हे एकाही लेखात त्यांनी लिहिलेलं नव्हतं. पहिली फेक रिंगच्या खालून गेली. दुसरी फळ्याच्या वरून. तिसरी सरळ वर गेली आणि चेंडू खाली आला तो त्यांच्याच खांद्यावर. बाहेर कोणीतरी फिसकन हसलं.

"रिंग थोडी तिरकी आहे," कोच ओरडले.

"अंगण वाकडंच असतं, कोचसाहेब," काका म्हणाले. "लाइट घालवू का? गेट सुटेल."

"गेटला बॅटरी लावलीय." हे सांगताना त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता.

"मुली कुंपणाच्या जाळीवरून आत उतरल्या तर?" बाईंनी विचारलं.

साहेब दचकले. "मग तो सामना नव्हे, घुसखोरी होईल. पुरस्काराचं चाललंय आमचं!"

बाई पुन्हा पुन्हा घड्याळ बघू लागल्या. कोचचा शर्ट पाठीला चिकटला. त्यांना लीगमधल्या सगळ्या फेकी आठवत होत्या, कोणाचं कोपर कुठे असतं, कोणाचं मनगट कसं वळतं. त्यातलं काहीही हातात उतरत नव्हतं. जाळीला चिकटून मुलगी उभी होती. ती हसत नव्हती, चिडलेलीही नव्हती, आणि तेच त्यांना सोसवेना.

"बाबा, चेंडूकडे नको बघू. रिंगकडे बघ."

"बघतोय गं."

"गुडघे वाकव. अजून. हाताने नाही फेकायचा, पायांनी फेकायचा."

"पायांनी?" एवढी वर्षं या खेळावर लिहून त्यांना हे ठाऊक नव्हतं.

"घाई नको करूस. मी आहे ना इथे."

कोचच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी गुडघे वाकवले. चेंडू गेला, रिंगच्या कडेवर नाचला, विचार केल्यासारखा थांबला आणि आत पडला. सेन्सर किणकिणला. "गेला! बाबा, गेला!" मुलगी उड्या मारत ओरडली. त्याच वेळी पलीकडे बाईंची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. गेट उघडेपर्यंत ती कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली होती.

मग मुली आत आल्या आणि खेळू लागल्या, आता आलोच आहोत तर खेळू म्हणून. कोच बाकावर बसले. त्यांनी आपल्या मुलीला पहिल्यांदा खेळताना पाहिलं. ती डाव्या हाताने सुटायची आणि कोणाच्या हाती लागायची नाही. लीगमधल्या साऱ्या डाव्याउजव्यांची कुंडली ज्यांना पाठ, त्यांना पोटच्या पोरीचा डावा हात आज कळला. बास्केटीमागून बास्केट पडत होती, सेन्सर किणकिणत होता, आणि कोचना रडू आवरत नव्हतं.

सत्रातल्या सर्व बास्केटी सत्रप्रमुखाच्या खात्यावर जमा होतात, हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळलं. म्हणजे आठवलं.

निवड सामना न झाल्यामुळे विभागीय कार्यालयाने प्रणालीतली आकडेवारी मागवली. चुकलेल्या फेकी सेन्सरला दिसत नसल्यामुळे त्यात कोच यांची अचूकता शंभर टक्के होती. मुलींच्या सोळा वर्षांखालील संघात त्यांची एकमताने निवड झाली. त्यांनी वैयक्तिक कारणास्तव नकार कळवला, आणि उमेदवारानेच नकार दिल्यामुळे जागा रद्द झाली.

"बाबा, ते लेव्हलचं काढून टाक ना," मुलगी म्हणाली. "माझं जाऊ दे. पण खालच्या वर्गातल्या पोरी अजून भिंतीवरच खेळतात."

एका ओळीचा बदल होता. त्यासाठी साहेबांची मंजुरी हवी होती, आणि साहेब पुरस्कार हातात येईपर्यंत कशालाही हात लावू देणार नव्हते. त्यांच्यासमोर उभं राहून भांडावं लागलं असतं. भांडायचंच असं ठरवून कोच मुद्दे काढायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं. 'मी एक साधा, आळशी, हौशी माणूस.' मग हात थांबेना.

'मी आणि माझं गेट' हा लेख वाऱ्यासारखा पसरला. खांद्यावर पडलेला चेंडू, रजेवरचा भांडारपाल, टेबलावर वाजणारा फोन, कोचनी स्वतःला जराही सोडलं नव्हतं. लोक पोट धरून हसले आणि शेवटी त्यांचे डोळे पाणावले. किती प्रांजळ, म्हणाले. स्वतःवर हसायला मोठं मन लागतं, म्हणाले. साहेबांनी तो स्वतः चार ठिकाणी पाठवला. पुरस्कार समारंभात त्यातला एक उतारा वाचून दाखवला गेला, आणि टाळ्यांच्या कडकडाटात कोचना अकरावी लेव्हल बहाल करण्यात आली. साहेबांसमोर उभं राहण्याची गरज उरली नाही.

शेकडो अभिप्रायांत एकच वेगळा होता. त्यांच्या मुलीने लिहिला होता. 'छान लिहिलंयस बाबा. गेट कधी उघडणार?'

त्याला कोणी उत्तर दिलं नाही. बऱ्याच वाचकांनी मात्र 'विषयाशी संबंध नाही' अशी खूण केली, आणि प्रणालीने तो काढून टाकला.

लेख तुमच्याकडेही आला असेल. आठवून बघा, खूण करणाऱ्यांत तुम्ही नव्हतात ना?